पियानोचा विचार झाला, माझा राहिला

मी योरिस बोलतोय. जात लिओनबर्गर, वजन सत्तर किलो, मुक्काम हॉलंडातलं डेल्फ्ट, कालव्याकाठचं एक अरुंद घर. कुत्र्याने इतक्या तोऱ्यात बोलावं का, असं वाटत असेल तर खुशाल वाटू दे. सात वर्षं मी माणसांना जवळून पाहिलंय. आदर वाटावा असं फारसं काही हाती लागलं नाही.

वीबे आणि यानेके या नवराबायकोने मला आणलं तेव्हा मी उशीएवढा होतो. "किती गोंडस आहे," म्हणत दोघं माझे पंजे कुरवाळत होती. पंजे तेव्हाच बशीएवढे. त्यावरून पुढचा अंदाज येऊ नये म्हणजे कमालच झाली.

त्यांचं बिऱ्हाड पहिल्या मजल्यावर. जिना म्हणजे उभी शिडी. म्हणून इथल्या घरांच्या माथ्यावर लोखंडी आकडा असतो आणि जड सामान दोराने खिडकीतून वर घेतात. वीबेचा पियानो तसाच आला. पाहुणे आले की तो खिडकी उघडून कौतुकाने आकडा दाखवायचा. घरातल्या प्रत्येक जड वस्तूचा विचार झाला होता, मी तेवढा राहिलो.

गुरांची नव्हे, आम्हा कुत्र्यांची डॉक्टरीणबाई बजावून गेली होती, "हा थोराड जातीचा. दीड वर्ष जिना नको, नाहीतर सांधे कायमचे जातील." वीबेने मला पस्तीस किलोंपर्यंत उचलून नेलं. मग त्याची कंबर धरली आणि मी आठव्या महिन्यातच जिना चढू लागलो. त्याच्या कमरेला सगळ्यांनी शेक दिला. माझ्या कमरेची आठवण कुणालाच झाली नाही.

खायचं म्हणाल, तर इथल्या रीतीप्रमाणे सकाळी दहाला कॉफी. डबा उघडायचा, प्रत्येकी एक बिस्कीट, डबा बंद. पाहुणा असो की मी. सत्तर किलोंच्या देहाला एक बिस्कीट द्यायला हात कसा धजतो, देव जाणे.

खाली ट्रूसबाई, ऐंशीच्या पुढच्या. मी धपकन बसलो की त्यांच्या छताचा चुना पडायचा आणि झाडूच्या दांड्याने खालून ठकठक व्हायची. जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "निघालं का घोडं?"

या वसंतात माझे मागचे पाय जिन्यातच लुळे पडले. कसाबसा वर आलो, तो आलोच. तीन दिवस स्वयंपाकघरात वर्तमानपत्रावर विधी. असली नामुष्की शत्रूवरही येऊ नये.

मग बैठक भरली. या लोकांना चमचा घ्यायचा तरी बैठक लागते. कॉफी, एकेक बिस्कीट, झाकण बंद. यानेके रडत होती. वीबे म्हणाला, "गुरुवारी डॉक्टरीणबाईंना घरी बोलावतो. एक इंजेक्शन, त्याला कळणारही नाही." मला सगळं कळलं. मला मरायचं नव्हतं.

बुधवारी सकाळी ट्रूसबाई धापा टाकत वर आल्या. "चुना पडला नाही चार दिवस. घोडं मेलं की काय?"

वीबेने खाली मान घालून गुरुवारचं सांगितलं.

"तुझा पियानो वर कसा आला रे?" बाई म्हणाल्या.

वीबेने खिडकीकडे पाहिलं.

"मग हा खाली का जाणार नाही? माझी पुढची खोली रिकामी आहे. रस्त्यापर्यंत एक पायरी."

"पण याचे केस..." वीबे म्हणाला.

"केस मी झाडीन. तू आधी आकड्याला तेल घाल."

दुपारी मला जाड कापडाच्या झोळीत बांधून खिडकीतून सोडलं. खाली अख्खी गल्ली, माणशी एक सल्ला. मी लाजेने डोळे मिटले. उघडले तेव्हा खाली वीबे हात पसरून उभा होता, पांढराफटक. "सावकाश रे, माझं लेकरू आहे ते," असं ओरडत होता. त्याच्याबद्दलचं माझं मत त्या दिवसापुरतं बदललं.

डॉक्टरीणबाई गुरुवारी आल्याच. इंजेक्शन नाही, दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या. जाताना दारात ट्रूसबाईंना हळू आवाजात काहीतरी सांगून गेल्या.

आता मी इथे बिनपडद्याच्या खिडकीशी पडून असतो. कुणी पिल्लू आणायला निघालेलं दिसलं की सांगावंसं वाटतं, बाबांनो, आधी त्याचे पंजे बघा, मग आपला जिना बघा. पण ऐकतंय कोण.

दहाला कॉफी होते. मला एक बिस्कीट मिळतं, झाकण लागतं. मग ट्रूसबाई माझ्याकडे बघतात आणि डबा पुन्हा उघडतात. या गावात डबा दुसऱ्यांदा कुणी उघडत नाही. डॉक्टरीणबाई दारात काय म्हणाल्या, ते मला त्यावरूनच कळलं.