मायची कढई आणि धनराजचा स्लॅब

"हे काय केलं रे धनराज?"

मनकर्णाचा आवाज ऐकून नव्या स्लॅबवर पाणी मारणारा तिचा धाकटा भाऊ पाइप हातात धरूनच खाली वाकला. वाळूच्या ढिगाशेजारी मायची बीडाची, ओतीव लोखंडाची कढई पडली होती. आत बोटभर जाडीचं सिमेंट दगडासारखं घट्ट बसलं होतं आणि वर एक कोंबडी आरामात उभी होती.

"ते होय? घमेलं फुटलं होतं नं बाई. गवंड्यानं मांगतली, तं देल्ली. लोखंड हाय, त्याले काय होते?"

मनकर्णाला वाटलं, तीच कढई उचलून त्याच्या डोक्यात घालावी. तिने कोंबडी हुसकली, एवढंच केलं.

माय गेली तेव्हा तेरवीच्या दुसऱ्याच दिवशी धनराजने कागद पुढे केला होता. मनकर्णाने धानाच्या वावरावरचा आपला हक्क सोडून सही केली. सगळं गाव तिला वेडी म्हणालं. बदल्यात तिने एकच वस्तू मागितली, ही कढई. याच कढईत मायने साऱ्या गावाच्या लग्नांचे वडे तळले होते. तेल पिऊन पिऊन ती आतून अशी काळीभोर झाली होती की टाकलेला वडा आपसूक सुटून वर यायचा. पण सत्यशीलाने, म्हणजे धनराजच्या बायकोने, तेव्हा नियम काढला होता. मेलेल्या माणसाचं भांडं वर्षाच्या आत घराबाहेर काढू नये. वर्षसराधाचे वडे याच कढईत, लेकीच्याच हातचे होऊ द्या, मग खुशाल न्या. मनकर्णाने तेही ऐकलं होतं.

आता तीच सत्यशीला दारात उभी राहून म्हणाली, "एवढ्या चिडून काऊन राह्यल्या बाई? वर्षसराधाले भाड्यानं कढई आनू. चांगली मोठी, अल्मिनची."

"घराबाहेर काढाची नोती नं ही? मंग गवंड्याच्या पायाखाली बरी चालली!"

मनकर्णाने पदराची चुंबळ केली आणि कढई डोक्यावर घेतली. सिमेंटसकट तिचं ओझं मानेत उतरलं.

"मायच्या वर्षसराधाचे वडे याच कढईत होतीन," ती म्हणाली आणि पाणीही न पिता एसटीच्या फाट्याकडे चालू लागली.

बल्लारपूरच्या बाजारामागच्या बोळात वहाबभाईचं दुकान होतं. पूर्वी तिथे पितळी भांड्यांना कल्हई लावायला बायकांची रांग असायची. मग घरोघरी स्टील आलं आणि कल्हई बुडाली. आता तो गंजलेले तवे, पडून राहिलेल्या कढया पुन्हा चुलीवर जाण्याजोग्या करून द्यायचा आणि साबणाने बीड घासणाऱ्या साऱ्या दुनियेला शिव्या द्यायचा. कढई पाहताच त्याचं तोंड सुटलं.

"कोन्या हरामखोरानं केलं हे?"

"माह्या भावानं."

"तं बराबरच बोललो मी."

मनकर्णाला त्याही स्थितीत हसू आलं. पण ते टिकलं नाही. तिने कोपऱ्यातला घन उचलला. "हटा भाऊ, आत्ताच काढतो मी हे सिमेंट."

वहाबभाईने तिच्या हातातून घन ओढून घेतला. "बीड हाय बाई हे! पितळेले पोचा येते, बीड सीधं फुटते. राग काढाचा असन तं घरी जाऊन भांडा. इथी नाई."

मग चिंचेचं पाणी, लाकडी हातोडी आणि बोथट पटाशी. मनकर्णा दर बाजाराला यायची आणि त्याच्याजवळ बसून खरवडायची. खपली निघाली की एक शिवी धनराजला. जोर मात्र हातात येऊ द्यायचा नाही. सारा संताप दातांत धरून हात हळू चालवायचा, याच्यासारखी शिक्षा नाही.

शेवटची खपली निघाली तेव्हा वहाबभाईने कढई एका कडीला धरून अधांतरी उचलली आणि बोटाच्या पेराने वाजवली. घंटेसारखी ठणकायला हवी होती. नुसतं थप्प झालं. त्याने ती उजेडाकडे फिरवली. बुडाशी केसाएवढी रेघ होती.

"फावड्याचा घाव हाय," तो म्हणाला. "सिमेंट खरवडता खरवडता घातला असन कोनं."

"झाळ मारा नं."

"माह्या हातानं नाई होत. बीड हाय, झाळ मारता मारता आनखी फाटन. भाजाले चालन बाई. तेल नाई ठरनार."

मनकर्णा बराच वेळ त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेही रागाचंच.

"तेल पाजा," ती म्हणाली. "काम पुरं करा."

धानाच्या कोंड्याची मंद धग केली. जवसाचं तेल लावायचं आणि लावलंच नाही असं वाटेपर्यंत पुसायचं, मग पालथी घालून तापवायची. पुन्हा तेल, पुन्हा धग. लाल गंज गेला, करडा रंग गेला आणि हळूहळू मायच्या वेळचा काळा रंग परत आला.

वर्षसराधाला धनराजच्या दारी मांडव होता. मनकर्णाने डोक्यावरची कढई उतरवून चुलीवर ठेवली तसा धनराज पाहुण्यांकडे वळला.

"पाहा! नवीच झाली का नाई? उगीच रडत होती बाई. लोखंडाले काई होत नाई म्हनलं होतं मी."

लोक हसले. म्हाताऱ्या कमलाकाकूने बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या डाळीचं वाटण पुढे सरकवलं. मनकर्णाने तेलाची बरणी उचलून भावाच्या हातात दिली.

"तेल तू टाक. पोराच्या हातानं होऊ दे."

धनराजने ऐटीत बरणी ओतली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग चुलीत एक थेंब पडला आणि जाळ फसकन वर आला. मागोमाग दुसरा, तिसरा. कमलाकाकूने पोरांना मागे ओढलं. धनराज वाकून कढईखाली पाहू लागला. हसणं केव्हाच थांबलं होतं.

"आधी सांगाचं नाई का बाई?"

"तू इचारलं होतं का, गवंड्याले देताना?" मनकर्णाचा आवाज साऱ्या मांडवात गेला. "वावर देल्लं तुले. त्यातली एक बांधी नाई मांगतली. एक भांडं मांगतलं होतं मायचं. एक भांडं!"

मनकर्णाने जाळ ओढला, उरलेलं तेल सत्यशीलाने आणवून ठेवलेल्या भाड्याच्या कढईत ओतलं आणि बीड निवेपर्यंत तिथेच बसून राहिली. गरम बीडाला घाई चालत नाही. वडे दुसऱ्या कोणीतरी त्या भाड्याच्या कढईत तळायला घेतले. ते बुडाला चिकटत होते.

"जेवून तं जा," सत्यशीला हळूच म्हणाली.

मनकर्णाने कढई आतून पुसली, पुन्हा चुंबळ केली आणि निघाली.

सांजेला आपल्या घरी तिने चूल पेटवली. पूनमने, तिच्या लेकीने, पाहिलं आणि काही न विचारता जवसाचा डबा पुढे केला. मनकर्णाने मूठभर जवस कढईत टाकलं. ते तडतडू लागलं, घरभर खमंग वास सुटला. तिने उलथण्याने एकदा हलवलं. एकही दाणा बुडाला चिकटला नव्हता.