पाठमोरा माणूस

चष्म्याच्या दुकानाचा मालक इतका मऊ बोलायचा की गावानं त्याचं नावच लोणीभाऊ पाडून टाकलं होतं. एखाद्या आजींना समोरच्या पाटीवरची अक्षरं दिसेनात आणि त्या लाजेकाजेस्तव अंदाजपंचे काहीतरी ठोकून देऊ लागल्या, की हा म्हणायचा, "घाई नाही, आजी. चूक तुमची नव्हे, माझ्या भिंगाची." आजी खूश. दांडी मोडून आणणाऱ्या पोरालाही त्यानं कधी दरडावलं नाही. देवानं हा माणूस सवडीनं घडवला असणार, असं लोक म्हणायचे.

आणि घरी? घरीसुद्धा तो आवाज चढवत नसे, तिथंच तर सारी मेख होती. दार लोटून कडी लागली की त्याच मऊ आवाजात तो बायकोला असं काही बोलायचा की ऐकणाऱ्यानं म्हणावं, हा कोणी दुसराच. पण ऐकायला होतं कोण? एकुलती लेक लग्न होऊन लांब गेलेली. खुद्द त्यालाही तो दुसरा आपणच आहोत असं कधी वाटलं नव्हतं. दुकानातला तो आपण, आणि घरातलं ते म्हणजे दमणूक, डोकेदुखी, झालंच तर तिचा वेंधळेपणा. हा हिशेब त्यानं मनाशी असा बसवून टाकला होता की झोपही छान लागायची.

तर अशा गावात सिनेमाची मंडळी येऊन दाखल झाली. सिनेमा होता एका मास्तरांचा. त्यांच्या एकाच देहात दोन माणसं नांदतात, एक सगळ्यांचा लाडका आणि एक कोणाचाच नव्हे, आणि शेवटी दोघं एका टेबलाशी समोरासमोर बसतात. आता नट तर एकच. तो पलीकडच्या खुर्चीत बसला की अलीकडे कोणाची तरी पाठ हवी. दिग्दर्शक बाई चष्म्याचा स्क्रू बसवून घ्यायला दुकानात आल्या, लोणीभाऊ कपाटाकडे वळला, आणि बाईंना पाठ मिळाली. पुढं त्याच्या घराची बाहेरची खोलीही त्यांना चित्रीकरणासाठी पसंत पडली.

"तोंड नको, नुसती पाठ द्या म्हणाल्या," शेजारचा शिंपी गावभर सांगत सुटला. "बाईंना माणसाची पारख आहे हो."

चित्रीकरणाच्या दिवशी खिडकीत अर्धी गल्ली लोटली होती. लोणीभाऊनं नटाच्या कोटासारखाच दुसरा कोट अंगात चढवला आणि तो स्वतःच्याच जेवणाच्या टेबलाशी, स्वतःच्याच खुर्चीत, कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांचा चहा तिनंच केला होता.

पण गाडी अडली. नटाला संवाद पाठ, समोरून काय येणार तेही पाठ. त्यामुळे चेहऱ्यावर काही उमटेचना. चार-पाच वेळा झालं, तेव्हा दिग्दर्शक बाई लोणीभाऊच्या कानाशी वाकल्या.

"भाऊ, कागदावरचं सोडून द्या. तुमचा आवाज आम्ही ठेवणारच नाही, नंतर ह्यांचाच भरणार. तुम्हाला सुचेल ते बोला. फक्त ह्यांना लागलं पाहिजे."

"मला नाही हो असलं जमायचं," लोणीभाऊ हसून म्हणाला. आणि ते त्याला अगदी खरंच वाटत होतं.

कॅमेरा सुरू झाला. समोर नट मान खाली घालून बसला होता, हात मांडीत, खांदे पडलेले. का कोण जाणे, लोणीभाऊला ती बसण्याची ढब ओळखीची वाटली. तोंड आपोआप उघडलं.

"बोलून झालं? आता ऐक. चार माणसांत बोलायचं नाही, हे तुला किती वेळा सांगितलं? तू तोंड उघडलंस की मला खाली बघावं लागतं. माझ्याकडे बघून लोक तुला मान देतात. मी नसतो तर तुला कुणी दारात उभं केलं नसतं. आणि डोळ्यांत पाणी आणू नकोस. रडताना तर तुझ्याकडे बघवत नाही."

नटाचा चेहरा हळूहळू विझत गेला. हनुवटी थरथरली. बाई "कट" म्हणाल्या आणि खिडकीत टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

"अरे, कुठं लपवून ठेवला होता हा माणूस?" शिंपी ओरडला. "लोणीभाऊ, आम्हाला तर घाम फुटला."

लोणीभाऊ लाजून हसला. त्याची पहिली भावना अभिमानाची होती, हे सांगायला हवं. मग त्याची नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. बायको टाळ्या वाजवत नव्हती. रागावलेलीही नव्हती. रोज उभी असते तशी उभी होती. ते बघितलं आणि त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

तेवढ्यात कॅमेरावाला म्हणाला, "सॉरी, फोकस हलला. पुन्हा घ्यावं लागेल."

"हरकत नाही," बाई म्हणाल्या. "भाऊ, मघाचंच, शब्दन् शब्द. कुठल्या शब्दाला ह्यांचा चेहरा कसा हलतो ते आता मला कळलंय. काय होते शब्द?"

शॉटमधल्या नोंदी ठेवणाऱ्या बाईंनी वहीत पाहिलं. कोटाचं कुठलं बटण उघडं, पेला कुठल्या हाताशी, सगळं टिपलं होतं. शब्द मात्र ऐकण्याच्या नादात राहून गेले होते. आवाजवाल्यानं तर यंत्रच लावलं नव्हतं. ठेवायचाच नाही तो आवाज घ्यायचा कशाला?

"भाऊ, तुम्हीच सांगा."

"मला काही आठवत नाही," लोणीभाऊ म्हणाला. "सुचलं ते बोललो. सुटून गेलं."

"मला येतं," दारातून बायको म्हणाली.

सगळे वळले. तिनं पदराला हात पुसले आणि सांगू लागली. एखादं पाठ केलेलं कुणाला उतरवून द्यावं तसं, दर वाक्यानंतर नोंदीवाल्या बाईंचं पेन थांबेपर्यंत थांबत. बोलून झालं, आता ऐक. चार माणसांत बोलायचं नाही. एक शब्द इकडचा तिकडं नाही.

"वहिनी, सिनेमा तुम्हीच लिहा आता," शिंपी म्हणाला. एकदोघं हसले.

"रडताना तर तुझ्याकडे बघवत नाही," बायकोनं पुरं केलं. "ह्याच्यापुढं 'तुझं नशीब म्हणून मी गप्प बसतो' असं असतं. मग पेला हातानं लांब सारतात. ते आज राहिलं."

नोंदीवाल्या बाईंचं पेन 'राहिलं'वर थांबलं. शिंप्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं. ते कुठं ठेवावं त्याला कळत नव्हतं.

"भाऊ," दिग्दर्शक बाई जपून म्हणाल्या, "आपण थोडा वेळ थांबू या का?"

लोणीभाऊला वाटलं, अजून वेळ आहे. हसावं, म्हणावं, हिची स्मरणशक्ती पहिल्यापासून अशीच, एकदा ऐकलं की पाठ, आणि पुढचं मनानंच जोडते. गाव लगेच मान डोलवेल. गावाला तेच हवं होतं. इतकी वर्षं डोळे तपासून घेतलेली माणसं त्याच्याकडे अक्षरशः विनवणीच्या नजरेनं बघत होती. वाक्य जिभेवर तयारही होतं, मऊच होतं. पण ते म्हटलं की ती खोटी पडणार होती, पुन्हा एकदा, आणि ह्या खेपेला भरल्या खिडकीसमोर.

तो खुर्चीतून उठला नाही. फक्त वळून बसला, खिडकीकडे तोंड करून.

"हे सिनेमातलं नाही," तो म्हणाला. "हे मी हिला बोलतो." मग त्यानं जोडलं, "कधीकधी."

त्यानं बायकोकडे पाहिलं. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नोंदीवाल्या बाईंच्या वहीकडे बघत उभी राहिली.

"रोज," तो म्हणाला.

खिडकीतून आधी आजीबाया गेल्या, मग बाकीचे. शिंपी शेवटी गेला. बायको आत गेली आणि चहाचे कप विसळण्याचा आवाज येऊ लागला. नट कधीचा उठून बाहेर गेला होता. लोणीभाऊ तो परका कोट अंगात तसाच घेऊन बसून राहिला. सिनेमाच्या मंडळींना कोट परत हवा होता, पण तो मागायला कोणीच पुढं येईना.