भिंतीवर उभा राहिलेला बाप

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर. नखाएवढी पारदर्शक चित्रे भिंतीवर माणसाएवढी करून दाखवणे हे माझे काम. जर्मनीत घडलो आणि दक्षिण आफ्रिकेत, वाल नदीकाठच्या एका पोलाद कारखान्यात उमेदीची वर्षे काढली. भट्टीजवळ कसे वागावे, ते मी नव्या कामगारांना शिकवत असे. ‘याच्यामुळे माणसं वाचतात,’ असे साहेब म्हणायचे. पुढे व्हिडिओ आला आणि माझी रवानगी गावातल्या छोट्या संग्रहालयात झाली. नऊ वर्षे कपाटावर पडून होतो. दिवा गार ठेवणारा आतला पंखा धुळीने अडकला.

१९९७ च्या हिवाळ्यात ममेलो आणि तिचा नवरा टेबोहो डोंगरातल्या गावाहून दोन दिवसांसाठी आले. शनिवारी त्यांनी चर्चमधले समूहगान ऐकले. रविवारी ते संग्रहालयात आले, तेव्हा खरे कारण कळले. ममेलो पोटात असतानाच तिचे वडील इथे भट्टीवरच्या अपघातात गेले होते. त्यांचा एकुलता एक फोटो घराबरोबर जळाला. आई जाताना म्हणाली होती, “कारखान्यात नव्या कामगारांना दाखवतात त्या चित्रात हेल्मेटचा पट्टा कसा बांधायचा ते दाखवतो ना, तोच तुझा बाप.”

म्हातारे रखवालदार मोलेफे यांना सगळे ‘न्ताते’, म्हणजे बाबा, म्हणत; त्यांनी खोके धुंडाळून ते चित्र काढले. ममेलोने ते खिडकीशी धरले. चेहरा मोहरीएवढा!

“न्ताते, हे घेऊन जाऊ? मोठं करून घेतो नि परत पाठवतो,” टेबोहो म्हणाला.

“माझं असतं तर आत्ता दिलं असतं, बाबा. उद्या सगळं सामान गोदामात बंद होतंय. काडीसुद्धा बाहेर देऊ नका, असं वरून बजावलंय.”

“मग या यंत्रावर दाखवा,” ममेलो म्हणाली.

“पंखा कायमचा बिघडलाय त्याचा, पोरी. चित्र जळेल.”

तिने त्यांचे दोन्ही हात धरले. “अठ्ठावीस वर्षं रस्त्यावरच्या परक्या माणसांत बाप शोधतेय मी. एकदाच दाखवा. पाया पडते तुमच्या.”

मित्रांनो, मला ओरडावेसे वाटले, ‘आधी माझा पंखा पुसा!’ पण यंत्राला तोंड कुठले?

दिवा लागला. भिंतीवर एक तरुण उभा राहिला. पट्टा आवळता आवळता तो हसत होता.

“अगं, कान बघ! तुझेच ते, सुपाएवढे,” टेबोहोचा आवाज चिरकला.

ममेलो हसली आणि हसता हसताच रडू लागली. बाजूने जाऊन तिने त्याच्या गालावर हात ठेवला. तेवढ्यात बोटांजवळ तपकिरी डाग उमटला. मी भयंकर तापलो होतो.

“बंद करा!” ती किंचाळली.

मोलेफेंनी वायरच उपटली. उशीर झाला होता. चित्रातले डोळे गेले, हसू गेले.

ती भिंतीपाशीच डोळे गच्च मिटून बसली. “कुणी बोलू नका, पुसून जाईल. टेबोहो, लिही. डाव्या भुवईत खाच. पुढचा दात तिरका. गालाला खळी...”

“हळू सांग गं,” तो रडत लिहीत होता.

ती मध्येच थांबली. “हनुवटी... हनुवटी पट्ट्याखाली होती रे. ती दिसलीच नाही.”

सोमवारी सामान न्यायला गाडी येण्याआधी मोलेफेंनी मला उघडले आणि जुन्या दात घासायच्या ब्रशने आतली धूळ झाडली. तीन मिनिटे लागली. पंखा गरगर फिरला. मोकळ्या भिंतीवर पडलेल्या पांढऱ्या उजेडाकडे ते कितीतरी वेळ पाहत राहिले.

मित्रांनो, विनंती एकच. तुमच्या ताब्यातली वस्तू आजच पुसून, चालू करून ठेवा. तिच्यासाठी कोण, कुठून, किती वर्षांनी येईल, सांगता येत नाही. आणि येणाऱ्याला पुन्हा येता येतेच असे नाही.