बोटांनी झिजवलेला डोंगर

मी एक जुना उठावाचा नकाशा आहे, आणि मित्रांनो, मला माणसांच्या बोटांची शिसारी आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा तोल गेला तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

उठावाचा नकाशा म्हणजे भिंतीवर टांगायचा सपाट कागद नव्हे. माझ्यावर डोंगर खरोखर वर आले आहेत आणि दऱ्या खरोखर खोल गेल्या आहेत. दोन पलंग शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल, तेवढा मी लांबरुंद आहे. मोजणी कार्यालयाच्या मोठ्या खोलीत, खिडकीखालच्या लाकडी चौथऱ्यावर मी पन्नास वर्षे पडून आहे.

मला एका मूर्तिकाराने घडवले. मोजणीदारांनी त्याला कागदांची चळत दिली होती, पण निव्वळ कागदावर त्याचा भरवसा नव्हता. तो दोन उन्हाळे डोंगरात जाऊन राहिला. मेंढ्या घेऊन वर चढणाऱ्यांबरोबर चालला, खिंडीतून मीठ नेणाऱ्यांच्या तंबूत झोपला, उतारावर पायऱ्यापायऱ्यांची शेते करणाऱ्यांच्या घरी जेवला. सर्वांत उंच खिंडीत त्याला दगडात रुतलेले शिंपले दिसले. हे डोंगर कधीकाळी समुद्राचा तळ होते, हे त्याला तिथे कळले. परत आल्यावर त्याने काथ्या आणि प्लास्टर घेऊन मला उभे केले. एकेक कडा तो चमच्याच्या दांड्याने कोरत असे. मी खरा होतो, मित्रांनो. मेंढपाळ मला पाहायला आले तेव्हा त्यांनी आपापल्या वाटा न विचारता ओळखल्या.

मग मी साहेब लोकांच्या ताब्यात आलो आणि माझे वाईट दिवस सुरू झाले.

सीमेची रेघ माझ्यावर तीनदा बदलली. दर वेळी जुनी रेघ रॉकेलने पुसली, त्यामुळे माझी पूर्वेकडची बाजू अजून वास मारते. ज्या शिखराला मेंढपाळ शेकडो वर्षे 'म्हातारी' म्हणत आले, त्याच्यावर एका साहेबाच्या नावाची चिठ्ठी चिकटवली गेली. तो साहेब जन्मात गुडघाभर टेकडी चढला नव्हता. कोणी हिमनदीवर चहाचा कप ठेवी. कोणी बिस्किटाचा चुरा दरीत सांडी, आणि मग मुंग्या माझ्या खिंडी ओलांडत. एका पाहुण्याने तर दात कोरून काडी माझ्या तळ्यात टाकली. ती चार महिने तिथे होती. शिपाई रोज झाडू मारायचा, पण तळ्यात वाकून पाहणे त्याच्या कामात बसत नसावे.

हे सगळे मी सोसले. बोटे मात्र सोसवली नाहीत. जेवण करून आलेली तेलकट बोटे, शाईची बोटे, थुंकी लावून कागद उलटलेली बोटे. नवा पाहुणा आला की साहेब त्याला माझ्याजवळ आणी आणि खिंडीपासून खालच्या दरीपर्यंत बोट घासत म्हणे, "आपला रस्ता हा असा जाणार." रस्ता काही झाला नाही. बोट मात्र तीस वर्षे त्याच वाटेने घासले गेले. प्लास्टर ते किती मऊ! त्या वाटेवर दातांसारख्या टोकदार कड्यांची एक रांग होती. ती झिजून झिजून उशीसारखी गोल झाली.

पुढे कोणी मोठा माणूस भेट देणार म्हणून मला रंगवायला रंगारी बोलावला. त्याने त्या रांगेचा राहिलेला खडबडीतपणा पॉलिश पेपरने घासून काढला आणि विचारले, "इथं कुठला रंग देऊ?" साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच 'दे कुठलाही' असे सांगितले. रंगाऱ्याच्या डब्यात हिरवा उरला होता. अशा रीतीने माझ्यावर एक छान हिरवे कुरण तयार झाले. देवाने केले नव्हते, ते कार्यालयाने केले.

आता खरी गोष्ट ऐका. मेंढपाळांच्या हिवाळी गावावर धरणाचे पाणी येणार होते. चाळीस घरांना नवी जागा द्यायची होती. बैठक माझ्याभोवतीच बसली. त्या वेळचे साहेब जाडजूड आणि घाईचे होते. त्यांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि त्या हिरव्या डागावर बोट ठेवले.

"ही जागा झकास आहे. सपाट आहे, हिरवी आहे. काय हो ड्राफ्ट्समन?"

नकाशे काढणारा हा ड्राफ्ट्समन पंधरा वर्षे तिथेच नोकरीला होता. जुने मोजणीचे कागद त्याच्याच कपाटात होते आणि त्याने ते त्याच आठवड्यात उघडून पाहिले होते. माझ्या शेजारी धरून पाहिले होते, म्हणून मला माहीत. कागदावर त्या जागी कड्यांची रांग होती, माझ्यावर कुरण.

"हो साहेब," तो म्हणाला.

मेंढपाळांकडून एक म्हातारी आली होती. सोबत तिची सून होती. म्हातारी माझ्यावर वाकली, बराच वेळ पाहत राहिली, मग म्हणाली, "साहेब, हा आमचा डोंगर नाही."

"आजी, हा सरकारी नकाशा आहे."

"असेल. पण इथं दात आहेत. दातांच्या मागं बर्फ साठतो. भरला की सुटतो. खालच्या पट्ट्यात आम्ही शेळीसुद्धा बांधत नाही."

तिने खिडकीतल्या कुंडीतली ओली माती घेतली, बोटांनी चिमटून तिचे पाच सुळके केले आणि बरोबर जागच्या जागी बसवले. माझ्यावर फिरलेल्या हजारो बोटांत तेवढीच बोटे मला परकी वाटली नाहीत.

साहेबांनी नाक मुरडले. "अहो, हे काय घाण करताय?" मग शिपायाला म्हणाले, "पूस रे ते."

शिपायाने ओल्या फडक्याने माती पुसली. सून म्हणाली, "सासूबाई, चला. हे ऐकायचे नाहीत." ड्राफ्ट्समन मूग गिळून बसला होता. त्या क्षणी मला त्या जाड्या साहेबापेक्षाही त्याची जास्त किळस आली. साहेब उंटावरून शेळ्या हाकणारा होता, त्याला काही माहीतच नव्हते. याला माहीत होते.

घरे बांधली. पत्र्याची, एका रांगेत, सुबक. धरणाचे पाणी चढत होते, त्यामुळे जायला दुसरी जागाही उरली नव्हती. पहिला हिवाळा धड गेला, आणि साहेबांनी तो आपल्या दूरदृष्टीचा पुरावा म्हणून अहवालात लिहिला. दुसऱ्या हिवाळ्यात, एका दुपारी, मुले पलीकडच्या गावातल्या शाळेत असताना बर्फ सुटला. अकरा माणसे गेली. बातमी आली तेव्हा माझ्याभोवती उभे राहून सगळे म्हणाले की निसर्गापुढे कोणाचे चालते? साहेबांची बढती आधीच ठरलेली होती. ते निघून गेले.

बर्फ वितळू लागला तेव्हा म्हातारी पुन्हा आली. खोलीत ड्राफ्ट्समन एकटाच होता. तो उठून उभा राहिला.

"तुमच्याकडे अख्खा डोंगर आहे ना?" ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "मग सांग. माझी सून अजून सापडली नाही. कुठून खणायला लागू?"

त्याने हात पुढे केला. हिरव्या रंगावर तो अधांतरीच थांबला. कुठे ठेवणार? बर्फ ज्या कड्यावरून सुटला तो कडाच माझ्यावर नव्हता. त्याने हात मागे घेतला.

"आजी, हा नकाशा खोटा आहे. मला तेव्हाही माहीत होतं."

मला वाटले, आता ती त्याच्या तोंडावर थुंकेल. मी तिच्या जागी असतो तर थुंकलो असतो.

"फावडं धरता येतं का?" तिने विचारले.

"येईल."

"मग चल. माणसं कमी आहेत."

त्याने कपाटातून जुने कागद काढले, काखेत मारले आणि तो रजेचा अर्जही न लिहिता तिच्या मागून गेला. नवव्या दिवशी परत आला. दोन्ही तळहात सोललेले होते. सून सापडली, एवढेच त्याने शिपायाला सांगितले.

मित्रांनो, माझ्यासारखे म्हातारे शेवटी म्हणतात की आम्हाला जपा, आमची धूळ झटका. माझी तशी काही मागणी नाही. मला खुशाल फोडून टाका, रस्त्याच्या खड्ड्यात भरा, तिथे निदान खरा उपयोग होईल. तुमच्यातले जे उद्या साहेब होतील त्यांनाही मी काही सांगत नाही, कारण ते ऐकणार नाहीत. पण बरेच जण ड्राफ्ट्समन होतील, आणि माझे बोलणे त्यांच्याशी आहे. चूक दिसली की तिथल्या तिथे बोला. साहेब डोळे वटारेल, बढती लांबेल, चार दिवस घास गोड लागणार नाही. पण ते सगळे, बर्फात कोणाची तरी सून शोधत खणण्यापेक्षा फार सोपे आहे.