मामांचं फडकं

मी एक जुना ट्रक आहे, असं म्हटलं की लोक आधी वाकून माझी चाकं बघतात आणि मग विचारतात, "हा अजून चालतो?" चालतो, मित्रांनो! थंडीत उठायचा कंटाळा करतो, चढावर थोडा कुरकुरतो, पण चालतो. आणि आज मी भंगारात न जाता तुमच्याशी बोलतोय, त्यामागे एका पिवळ्या फडक्याची गोष्ट आहे.

कारखान्यातून बाहेर पडलो तेव्हा माझा रंग असा गडद निळा होता की पाहणाऱ्याला त्यात स्वतःचा चेहरा दिसे. मला घ्यायला लाकडाच्या वखारीच्या मालकीणबाई आल्या होत्या. त्यांच्याबरोबर एक उंच, सडपातळ माणूस होता. त्यानं माझं दार दोनदा उघडून मिटलं, आरशात स्वतःच्या मिशा ठीकठाक केल्या आणि म्हटलं, "जमेल आमचं." ते माझे चालक. त्यांची खरी भाची एकच होती, पण वखारीत सगळेच त्यांना मामा म्हणत.

मामांची एक शिस्त होती. सकाळी मला सुरू करण्याआधी ते खिशातून पिवळं फडकं काढत, बॉनेट उघडत आणि नळ्यांपासून दिव्यांपर्यंत मला लख्ख पुसत. इंजिनावर एखादा डाग दिसला, तर पाहुण्यांसमोर उष्टी ताटं पडून राहिल्यासारखी त्यांना लाज वाटे. वखारीतले हमाल चिडवायचे, "मामा, याच्या इंजिनावर पंगत बसवता येईल!" मामा वरवर रागवायचे आणि आतून सुखावायचे. मीही सुखावायचो, खोटं कशाला सांगू?

काय दिवस होते ते! आम्ही फळ्या नेल्या, दारं-खिडक्या नेल्या, शाळेचे बाक नेले. एकदा एवढ्या मोठ्या माझ्या पाठीवर फक्त एक पाळणा होता, आणि मामांनी तो नेताना एकही खड्डा मला लागू दिला नाही. वखारीच्या फाटकाबाहेर लगेच लांब चढ लागतो. तिथं माझा टर्बो शीळ घालायचा. टर्बो म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, माझ्या छातीतला राखीव दम. त्याची शीळ ऐकू आली की मामाही शीळ घालत. माथ्यावर पोचेपर्यंत आमची जुगलबंदी चाले. आजही ती आठवली की माझं इंजिन क्षणभर हळवं होतं.

पुढे वर्षं सरली. माझा निळा रंग फिका पडला, मामांच्या मिशा पांढऱ्या झाल्या. त्यांची शीळ चढाच्या मध्येच तुटू लागली. केबिनची पायरी चढताना ते थांबत, दांडा धरून उभे राहत, फडक्यानं कपाळ पुसत आणि स्वतःशीच म्हणत, "उकडतंय जरा." मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

मग एका थंडीत माझं दुखणं सुरू झालं. सकाळी भरल्या पाठीनं चढावर असताना मामांच्या समोरचा, बिघाड सांगणारा पिवळा दिवा पेटला आणि माझा दमच गेला. गोगलगायीनं पुढे जावं अशी माझी गत झाली. मागून भोंग्यांचा कलकलाट चालला होता. दुपारी मात्र मी अगदी ठणठणीत! असं वारंवार होऊ लागलं. त्यातच इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी रोज थोडंसं कमी होई. मामा सकाळी गुपचूप साधं पाणी ओतत आणि म्हणत, "म्हातारपणी तहान लागायचीच." हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

मालकीणबाईंनी मला मोठ्या गॅरेजात धाडलं. दम जातो म्हणजे टर्बो गेला, असं ठरलं आणि माझा तो शीळ घालणारा टर्बो काढून नवा बसवला. नव्याचा आवाज पातळ होता. आठवडाही उलटला नाही, तोच दिवा पुन्हा पेटला. मग हवेचा दाब मोजणारा सेन्सर बदलला. हा सेन्सर म्हणजे बोटाएवढा चहाडखोर, आत काय चाललंय ते इंजिनाच्या संगणकाला सांगणारा. नवा चहाडखोरही तीच चहाडी करू लागला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

शेवटी मालकीणबाई म्हणाल्या, "मामा, आता नाकापेक्षा मोती जड झालाय. पुन्हा रस्त्यात रखडला, तर सरळ भंगारात."

त्या संध्याकाळी मामांनी मला वखारीऐवजी भाचीच्या वर्कशॉपकडे वळवलं. दोन खांबांवर पत्रा टाकलेली लहानशी जागा होती ती, पण प्रत्येक पाना आपल्या खिळ्यावर. घरच्या पोरीला त्रास नको म्हणून ते इतके दिवस आले नव्हते. भाचीनं मला तिचं यंत्र जोडलं, नळ्या चाचपल्या, पंपानं पाण्यात दाब भरून पाहिला. मी तापलेला होतो. गळती कुठेच दिसेना.

"पाणी कमी होतं का रे मामा?"

"होतं थोडंफार. पण गळत नाही कुठे. रोज सकाळी पुसतो मी, डागसुद्धा नसतो."

भाचीचा हात थांबला. "रोज? सुरू करायच्या आधी?"

"मग? तोंड न धुता पोराला शाळेत पाठवू?"

ती खूप हसली आणि मग हात पुढे करून म्हणाली, "आजची रात्र हा इथंच राहू दे. आणि ते फडकं मला दे."

सकाळी कडाक्याची थंडी होती. मामा आले, पण हातांचं काय करावं ते त्यांना कळेना. भाचीनं बॉनेट उघडून टॉर्च मारला. टर्बोकडे जाणाऱ्या पाण्याच्या नळीला एक पट्टी आवळलेली होती. तिच्या कडेला फिकट हिरवा थेंब फुगला, वायरीवरून घरंगळला आणि थेट सेन्सरच्या जोडणीत शिरला. रात्री गारठ्यानं नळी आकसायची, पट्टी सैल पडायची आणि मी पाझरायचो. तापलो की नळी फुगून गळती बंद व्हायची. रात्रभराचा जो ओघळ सारं सांगणार होता, तो मामा पहाटे प्रेमानं पुसून टाकायचे.

"टर्बो चांगला होता, सेन्सरही चांगला होता," भाची म्हणाली. "त्याच्या कानात पाणी गेलं होतं, एवढंच."

"म्हणजे माझ्याच हातानं मी याला भंगारात पाठवत होतो?" मामा पुटपुटले. तिनं नवी पट्टी आवळली, जोडणी सुकवली. मला सुरू करायला मामा पायरीवर चढले आणि मध्येच थांबले. दांडा घट्ट धरला. दुसरा हात सवयीनं खिशात गेला, पण फडकं तिथं नव्हतं. कपाळावरचा घाम तसाच राहिला.

भाचीनं तो पाहिला. "मामा, या थंडीत घाम?"

"काही नाही गं. उकडतंय."

"कधीपासून?"

मामांनी बाहीनं कपाळ पुसलं.

"हेही रोज पुसतोस ना तू?" ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला तसाच उघडा टाकून ती त्यांना घेऊन डॉक्टरांकडे गेली.

त्यांच्या हृदयाची एक नळी जवळजवळ बंद झाली होती. दुखणं अंगावर काढत ते मला पाणी पाजत होते! डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं. मामा वाचले, मीही वाचलो. मात्र त्यांचं ट्रक चालवणं सुटलं. आता मला एक नवा चालक चालवतो. गुणी आहे बिचारा, पण शीळ घालत नाही.

भाचीनं फडकं परत दिलं, ते एका अटीवर. म्हणून मामा रोज सकाळी वखारीत येतात, आधी टॉर्च घेऊन माझ्याखाली वाकतात, सगळ्या नळ्या बघतात, आणि मगच पुसतात. हमालांनी तब्येत विचारली की पूर्वी ते "ठणठणीत!" म्हणायचे. परवा म्हणाले, "काल जिन्यावर दम लागला होता. भाचीला सांगितलंय."

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी "काही नाही, उकडतंय" म्हणत असेल. त्यांचं ऐकून घ्या, पण तेवढ्यावर सोडू नका. आधी नीट बघा. फडकं काही कुठे पळून जात नाही.

मी आता निघतो. चढ लागला की फाटकाशी उभे असलेले मामा हलकेच शीळ घालतात, आणि माझा नवा टर्बो, त्याला जमेल तशी, तिला साथ देतो.