काढता पाय

ड्राय लिकच्या खोऱ्यात चर्च दोन, आणि दोन्हींचं नाव ‘युनियन’. रस्त्याच्या अल्याडचं ‘ओल्ड युनियन’, पल्याडचं ‘खरं ओल्ड युनियन’. युनियन म्हणजे एकी. ती एकी नेमकी कोणाच्या वाट्याला गेली यावरून जवळजवळ दोनशे वर्षं दोघांचं वाकडं आहे.

भांडण पायावरून. वर्षातून एकदा, मे महिन्यात, इथले बॅप्टिस्ट लोक एकमेकांचे पाय धुतात. प्रभूने शिष्यांचे धुतले तसे. प्रभूने आधी कोणता पाय हातात घेतला हे शुभवर्तमानात लिहिलेलं नाही. लिहिलं असतं तर ड्राय लिकला एकाच चर्चवर भागलं असतं. अल्याडचे लोक डावा आधी धुतात, पल्याडचे उजवा. बाकी सगळं सारखं. भजनं तीच, घेवड्याची उसळ तीच, दुसऱ्याच्या चुलीवर काय शिजतंय ते हुंगायची सवयही तीच.

दोघांच्या मधे, टेकाडावर, मूळचं प्रार्थनाघर उभं होतं. ओंडक्यांचं, दोन दारांचं. ज्या दिवशी फूट पडली त्या दिवशी उजव्यांनी काढता पाय घेतला असं डावे सांगत, आणि डाव्यांनी घेतला असं उजवे. दोघांचंही खरं मानलं तर त्या दिवसापासून आत कोणी उरलेलंच नव्हतं. आणि घराकडे बघून तसंच वाटायचं. छपराला भोकं, आत वटवाघळं.

अशा घराला राज्याच्या वारसा मंडळाने अचानक भाव दिला. पत्र आलं: ओंडक्यांची घरं आमच्याकडे पुष्कळ आहेत, पण तुमची ही पाय धुण्याची रीत जिवंत आहे. दोन्ही मंडळ्यांनी वर्षातून एकदा त्या घरात एकत्र बसून ती पाळली, तर घराला स्मारक म्हणून पाटी मिळेल, नवं छप्पर मिळेल. नाहीतर रस्ता रुंद करणारे टपलेलेच होते.

डेल्फिया स्टिडमला छपराशी कर्तव्य नव्हतं. ती अल्याडची, म्हणजे डावी, विधवा, चर्चचे टॉवेल आणि इनॅमलची तसराळी तिच्या ताब्यात. कोणी टॉवेल किती पिळला आणि कोणी नुसताच ओला केला, एवढ्यावरून ती माणसाची परीक्षा करी आणि सहसा चुकत नसे. तिची थोरली बहीण ओमा लग्न करून पल्याड गेली, उजवी झाली. तेव्हापासून दोघी रोज फोनवर टोमॅटोच्या रोपांपासून सुनांपर्यंत सगळं बोलत. पण पाय धुण्याच्या रविवारी ओमा तिकडे आणि डेल्फी इकडे. लहानपणी आईने दोघींना समोरासमोर बसवून हे शिकवलं होतं. ओमा बोटांच्या बेचक्यातून असं काही पाणी सोडायची की डेल्फी भर प्रार्थनेत खिदळायची आणि मार खायची. आता इतकी वर्षं तिचे पाय आयसी रॅटलिफ धुवत होती. आयसीचे हात मे महिन्यातही बर्फासारखे, आणि ती पाय धुते की भांडं विसळते ते कळू नये अशी घाई.

वर्षातून एकदा ओमाच्या समोर बसायला मिळेल, एवढंच डेल्फीने त्या पत्रात वाचलं. बाकीचं वाचायला पुरुष होते.

पुरुषांनी ते तीन महिने वाचलं. डाव्यांचे उपदेशक ब्रदर हॉबर्ट आणि उजव्यांचे ब्रदर लोन्झो यांच्यात शेवटी तोड निघाली ती अशी: मंडळाकडून मिसेस क्विझनबेरी म्हणून बाई येणार, तर आधी पाहुणीचे पाय धुवायचे. या वर्षी पहिला डावा, तो डेल्फी धुवेल. मग उजवा, तो ओमा. पुढच्या वर्षी उलट. मग आपापल्या लोकांनी आपापल्या रीतीने.

“तुमच्यावर उपकार म्हणून यंदा डावा,” ब्रदर लोन्झो म्हणाले.

“उपकार कसले? सुरुवात खऱ्यापासूनच करायची असते,” ब्रदर हॉबर्ट म्हणाले.

रविवार उजाडला. बाहेर ओकच्या झाडांखाली पाहुणीसाठी म्हणून एकच लांब टेबल मांडलं होतं. त्यावर झाकलेली भांडी, चिकनचा रस्सा, मक्याचा पाव, वाळवलेल्या सफरचंदांचा थराथरांचा केक. भांड्यांवर चिकटपट्टी लावून नावं लिहिलेली, म्हणजे उजव्यांच्या उसळीत चुकून डाव्यांचा डाव पडायला नको. आत डावे डाव्या दाराने आले, उजवे उजव्या, आणि मधे कोणीही ओलांडणार नाही अशी वाट सोडून बसले. वटवाघळं आदल्या दिवशी हाकलली होती. त्यांना कोणत्या दाराने हाकलायचं यावरही थोडं झालं होतं.

मिसेस क्विझनबेरी गोलमटोल, हसऱ्या, लांब झग्यातल्या बाई. त्या मधल्या खुर्चीवर बसल्या. रिवाजाप्रमाणे पुरुषांनी पाठ फिरवली. डेल्फीने कमरेला टॉवेल बांधला, गुडघे टेकले, पाहुणीचा डावा बूट काढला, डोळे मिटून प्रार्थना पुटपुटत मोजा ओढला आणि पाऊल पाण्यात ठेवलं.

ठक्क.

डेल्फीने परत उचलून ठेवलं. परत ठक्क.

“काय गं?” शेजारी उजव्या पायाची वाट बघत बसलेली ओमा कुजबुजली.

“अगं, पाय वाजतोय!”

“वाजणारच,” मिसेस क्विझनबेरी म्हणाल्या. “लावलेला आहे तो. तुम्ही इतक्या प्रेमाने धरलात, मला बोलायचं जिवावर आलं.”

ही बातमी पाठमोऱ्या पुरुषांपर्यंत पोचायला एक श्वास पुरला. ब्रदर लोन्झोंचा चेहरा दिसत नव्हता. पण त्यांची मानसुद्धा आनंदली.

“बंधूंनो, दोनशे वर्षं आपण खूण मागत होतो,” ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले. “देवाने या भगिनीचा डावा पाय काढून घेतला. याहून स्पष्ट कसं सांगायचं त्याने?”

“काढून नाही घेतला,” ब्रदर हॉबर्ट दुसऱ्या भिंतीला म्हणाले, “आधी बोलावून घेतला! स्वर्गात पहिला कोण गेला? डावा!”

डाव्यांच्या बाजूने ‘आमेन’चा गजर झाला.

“वर नाही हो गेला,” मिसेस क्विझनबेरी म्हणाल्या. “मक्याच्या कापणी यंत्रात गेला. भावाच्या शेतावर.”

पण एकदा खूण मिळाल्यावर बाईंना कोण विचारतो? आता प्रश्न पुढचा होता. लावलेला पाय हा पाय आहे की नाही? पाय असेल तर डाव्यांनी ठरल्याप्रमाणे आधी धुवावा. नसेल तर बाईंना एकच पाय, तो उजवा, आणि तोच पहिला.

“प्रभूने देह धुतला, प्लॅस्टिक नाही,” ब्रदर लोन्झो म्हणाले. “आज हा धुवाल, उद्या पाहुण्याची काठी धुवाल, परवा गाडीची चाकं.”

“चालतात ना त्या पायावर? मग पाय!”

“मग माझ्या ट्रॅक्टरलाही पाय आहेत म्हणा!”

“असतील, तुमच्या ट्रॅक्टरला अक्कलही असेल, कुठेतरी गेली असणारच!”

डेल्फीच्या गुडघ्याला फरशीचा गारवा लागायला लागला. तिने मधल्या रिकाम्या वाटेकडे बघितलं. दहा मिनिटांत हे सगळे दोन दारांनी निघून जाणार, पाटी राहून जाणार, पुढच्या वर्षी इथून रुंद रस्ता जाणार आणि आपण पुन्हा आयसीच्या गारठलेल्या हातात. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि नेमकं तसराळ्यात पडलं.

ओमाने ते पाहिलं. ओमा जन्मात कधी ब्रदर लोन्झोंच्या शब्दाबाहेर गेली नव्हती. निदान चारचौघांत नाही.

“ब्रदर लोन्झो,” ती मोठ्याने म्हणाली, “तुमची कवळी लावलेलीच आहे ना?”

ब्रदर लोन्झोंचा हात नकळत गालाकडे गेला.

“आणि तिनेच तुम्ही देवाचं नाव घेता ना? का ते देवाला पोचत नाही? तसं असेल तर आत्ताच सांगा, गेली बारा वर्षं आम्ही उगाच ऐकलं.”

डाव्यांच्या बाकावर कोणीतरी फसकन हसलं. उजव्यांच्या बाकावर कोणीतरी खोकल्याच्या आड हसलं. ब्रदर लोन्झोंनी जबडा घट्ट मिटला. दात खरे की खोटे हे भिंतीला कळू नये म्हणून असेल.

तेवढ्यात खट्ट असा आवाज झाला. मिसेस क्विझनबेरींनी गुडघ्याखालचा पट्टा सोडवला होता. पाय काढून त्यांनी तान्हं लेकरू द्यावं तसा डेल्फीच्या मांडीवर दिला.

“हा घ्या, हा तुमचा,” त्या म्हणाल्या. “आणि हा जोडलेला तिचा. दोघी एकदमच धुवा. आधी कोण, नंतर कोण, हा प्रश्नच नको. मला भूक लागली आहे.”

दोनशे वर्षांत हे कोणाला सुचलं नव्हतं. सुचायला काढता पाय असलेलं माणूस लागतं. दोघी बहिणी शेजारी शेजारी बसल्या. ओमाने उजवा पाय पाण्यात घेतला, डेल्फीने मांडीवरचा. एकीने सुरू केलं की दुसरी सुरू करी, एक थांबली की दुसरी थांबे, लहानपणी पाळणा हलवताना करीत तसं. प्लॅस्टिकच्या बोटांच्या मधून डेल्फीने पाणी सोडलं तेव्हा मिसेस क्विझनबेरी तिथे नसलेल्या पायाने खुदकन हसल्या.

टॉवेलने पुसून झालं. रिवाज असा की ज्याने धुतले, त्याचे धुतले गेलेच पाहिजेत. ओल्या हातांनी आणि कोरड्या पायांनी घरी जायचं नसतं. मिसेस क्विझनबेरींना खाली बसणं शक्य नव्हतं. डेल्फी शेजारच्या खुर्चीवर बसली, मांडीवर पाहुणीचा पाय तसाच. डाव्यांच्या बाकावरून आयसी रॅटलिफ टॉवेल झटकत उठली.

“आयसी, खाली बस,” ओमा म्हणाली.

“अगं पण ही आमच्यातली—”

“ती माझ्या आईची मुलगी आहे. बस खाली.”

ओमाने तसराळ्यातलं पाणी बदललं आणि डेल्फीसमोर गुडघे टेकले. पुरुषांच्या पाठी आता अर्ध्यामुर्ध्याच भिंतीकडे होत्या. कोणता उचलते? डावा उचलला तर ओमा फितूर, उजवा उचलला तर डेल्फी बाटली. अख्ख्या खोऱ्याचा श्वास छपराच्या भोकांपाशी अडकला.

ओमाने दोन्ही घोटे एकदम धरले आणि दोन्ही पाय पाण्यात सोडले. तसराळं एका पायाच्या मापाचं. पाणी चहूकडून सांडलं.

“अनाचार!” ब्रदर हॉबर्ट ओरडले.

“अनाचार!” ब्रदर लोन्झो ओरडले.

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. दोघांच्या तोंडून एकाच वेळी एकच शब्द येण्याची ही पहिलीच वेळ. मग ब्रदर हॉबर्ट डाव्या दाराने तरातरा बाहेर पडले, ब्रदर लोन्झो उजव्या, आणि मागोमाग सगळे डावे, सगळे उजवे. आयसी सर्वांत शेवटी गेली. टॉवेल घेऊन गेली.

आत तिघी उरल्या. मिसेस क्विझनबेरीही खरं तर बाहेर पडणार होत्या, पण त्यांचा पाय डेल्फीच्या मांडीवर होता.

“गेले सगळे,” डेल्फी म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “आता पाटी कसली? एकत्र बसले पाहिजेत म्हणून अट आहे तुमची. माझ्यामुळे झालं.”

मिसेस क्विझनबेरींनी खुर्ची जरा सरकवून खिडकीतून डोकावलं.

“काय करताहेत?” ओमाने विचारलं.

“बसलेत.”

बाहेर लांब टेबलाशी ब्रदर हॉबर्ट आणि ब्रदर लोन्झो समोरासमोर बसले होते. या दोन बायकांना काय म्हणावं याबद्दल त्यांचं इतकं एकमत झालं होतं की बोलण्याच्या भरात ब्रदर लोन्झो डाव्यांची उसळ वाढून घेत होते आणि ब्रदर हॉबर्ट चिकटपट्टी न वाचता उजव्यांचा केक कापत होते. त्यांच्या दोन्ही बाजूंना मंडळी दाटीवाटीने बसून माना डोलावत होती. मक्याचा पाव या टोकाकडून त्या टोकाला जात होता.

“एकत्र बसलेत,” मिसेस क्विझनबेरी म्हणाल्या, “आणि जेवताहेत. आत एकत्र बसून पाय धुतले गेले ते मी पाहिलं. शेवटपर्यंत आतच बसायचं असं अटीत लिहिलेलं नाही.” त्यांनी पर्समधून पेन्सिल काढली. “पाटीसाठी एक गोष्ट मात्र हवी. मुळात फूट पडली तेव्हा काढता पाय घेतला कोणी? डाव्यांनी की उजव्यांनी?”

“आत्ता बघितलंत की तुम्ही,” ओमा म्हणाली.

“म्हणजे दोघांनी.”

“आणि दर वर्षी घेतील,” डेल्फी म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. “आम्ही दोघी इथे बसलो की घेतीलच. नाही का गं ओमी?”

“घेतील नाही तर काय! मी स्वतः बघेन.” ओमाने खाली वाकून बहिणीची टाच हातात घेतली, उजेडाकडे वळवली आणि कपाळाला आठी घातली.

“डेल्फे! अगं काय हे, भेगा किती पडल्यात! ती आयसी इतकी वर्षं घासत तरी काय होती?”

आणि बोटांच्या बेचक्यातून तिने पाणी सोडलं.