साखरेचं सोंग

"पुन्हा लाव. यंत्र बिघडलं असेल," प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या.

तिने भूल दिलेला उंदीर परत काळ्या पेटीत ठेवला आणि दार लावलं. कॅन्सरच्या पेशी अंधारात चमकाव्यात अशी सोय त्यांनी आधीच केलेली होती. गेल्या आठवड्यात पडद्यावर लालभडक ठिपका होता. आज जेमतेम निळसर छटा. दुसरा उंदीर, तिसरा, तेच. जुन्याच पद्धतीने नुसतं औषध दिलेल्या उंदराचा ठिपका मात्र तसाच लाल.

"यंत्र ठणठणीत आहे, मॅडम! गाठी आटल्यात!"

मॅडमनी तिला गच्च मिठी मारली. दोघींचे चष्मे एकमेकींवर आपटले.

संध्याकाळी ती थेट बहिणीकडे धावली. चाळिशी उलटली तरी त्या घरात ती धाकटीच होती. ताई पलंगावर पडून होती. केमोने केस गेलेले, तोंड आलेलं.

"ताई, फसली! गाठ फसली!"

"चपला तरी काढ. कोणी फसवलं?"

"प्रथिनाचा इवलासा तुकडा आहे. त्याला साखरेचं सोंग दिलंय. गाठीतल्या रक्तवाहिन्या त्याला साखर समजून धरतात, आत ओढतात. आणि औषध त्याच्याच पाठीवर!"

"म्हणजे बहुरूपी पाठवलात की गं!" ताई हसली आणि ओठ दुखला म्हणून कळवळली. "आणि केस?"

"एकाही उंदराचा गेला नाही. खातात, पळतात, आज मला एक चावलासुद्धा."

"चावला? मग अगदी ठणठणीत आहे तो." ताईने पाण्याचा घोट घेतला, सावकाश गिळला. "माणसांना कधी देणार?"

दिवसभराच्या आनंदात हा प्रश्न धाकटीने मनाच्या उंबऱ्याशीच थोपवला होता.

"अजून खूप चाचण्या आहेत, ताई. वर्षं लागतील."

"हं."

बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू होऊन निघून गेली.

"तोंड काय पाडतेस?" ताई म्हणाली. "एवढी धावत आलीस ना? मग नीट सांग, पहिल्यापासून." तिने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "अहो, गॅस बंद करा आणि इकडे या. आपल्या धाकटीने काय केलंय ते ऐका."

मग उशीला टेकून ती ताठ बसली आणि पाय आखडून त्यांच्यासाठी पलंगावर जागा केली.